एंडोमेट्रिऑसिसचं ऑपरेशन: आमच्या ओपीडीत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

कुडाळपासून राजापूरपर्यंतच्या बायका माझ्यासमोर बसतात तेव्हा पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "मॅडम, पाळी इली की उठाक जमना नाय." बऱ्याच जणींनी त्याआधी आठ-दहा वर्षं ओवा, शेकाची पिशवी आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या यांवर काढलेली असतात. ऑपरेशनचा विषय निघाला की जे प्रश्न येतात, ते इथे लिहून ठेवले आहेत. तुमचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय तुमच्यापुरतं उत्तर मी देऊ शकत नाही. पण आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं यातून नक्की कळेल.

हा आजार म्हणजे काय? चॉकलेट सिस्ट वेगळी का?

गर्भपिशवीला आतून जे अस्तर असतं, तशाच जातीच्या पेशी पिशवीबाहेर वाढू लागतात. बीजकोषावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, पिशवी आणि गुदाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. पाळीच्या दिवसांत त्या जागाही सुजतात, तिथेही रक्त पाझरतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आतले अवयव एकमेकांना चिकटतात. हाताला तेल न लावता ज्याने फणस फोडलाय, त्याला हा चिकटा कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

बीजकोषात असं जुनं रक्त साठून दाट तपकिरी झालं की त्या गाठीला चॉकलेट सिस्ट म्हणतात. आजार तोच, जागा वेगळी. जॉन सॅम्पसन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९२१ मध्ये या गाठींचं वर्णन केलं आणि १९२७ मध्ये पाळीचं रक्त नळ्यांतून उलटं पोटात पडतं, हे कारण मांडलं. पण असं उलटं रक्त बहुतेक बायकांच्या पोटात थोडंफार पडतंच, आजार मात्र सगळ्यांना होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना तो असतो.

सोनोग्राफी नॉर्मल आली. मग माझं दुखणं मनाचं आहे का?

नाही. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट चांगली दिसते. पडद्यावरचे बारीक डाग साध्या सोनोग्राफीत काय, एमआरआयमध्येही बहुतेकदा सुटतात. खोलवर गेलेला आजार आतून केलेल्या सोनोग्राफीत दिसतो, पण करणाऱ्याला तो शोधायची सवय हवी. सीए-१२५ या रक्ततपासणीवर निदान ठरवू नये. ती इतर कारणांनीही वाढते आणि आजार असूनही नॉर्मल येऊ शकते.

पूर्वी "दुर्बीण घातल्याशिवाय निदान नाही" असा नियम होता, आम्हीही तसंच शिकलो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो सैल केला. लक्षणं आणि तपासणी जुळत असतील तर दुर्बिणीशिवायही औषध सुरू करता येतं.

ऑपरेशन केल्याशिवाय चालणारच नाही का?

बहुतेकींचं चालतं. दुखण्याच्या गोळ्या वेळेवर, म्हणजे दुखणं शिगेला पोचण्याआधी घेतल्या, सोबत डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी किंवा पाळीच्या एकत्रित गोळ्या किंवा गर्भपिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन असेल, तर अनेकींची पाळी सुसह्य होते. (या साधनाला आपल्याकडे सगळे "हार्मोनवाली कॉपर-टी" म्हणतात. त्यात कॉपर अजिबात नसतं, पण नाव पडलं ते पडलं.) या औषधांनी आजार दबतो, मुळातून जात नाही, आणि ती चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत.

ऑपरेशनचा विचार मी कधी करते? औषधांनी भागत नसेल, औषधं सोसत नसतील, मूल हवं म्हणून ती घेताच येत नसतील, गाठ मोठी असेल किंवा तिचं रूप संशयास्पद असेल तेव्हा. एका बाबतीत मात्र वाट पाहत नाही: मूत्रवाहिनी आवळली जात असेल तर. तेव्हा किडनीत लघवी तुंबते आणि बऱ्याचदा बाईला काही दुखतही नाही. म्हणून खोल आजार असलेल्या प्रत्येकीच्या सोनोग्राफीत किडन्या पाहिल्यात का, हे आवर्जून विचारा.

दुर्बिणीतून नेमकं करतात काय?

पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ एक आणि ओटीपोटावर दोन-तीन बारीक छेद. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, कॅमेऱ्याने सगळं नीट पाहतात, चिकटलेले अवयव सोडवतात आणि डाग व गाठी काढतात. साधं काम तासा-दीड तासात होतं, खोल आजाराला चार-पाच तासही लागतात. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांनी वेळ लांबला म्हणून घाबरू नये.

डाग काढायचे दोन प्रकार आहेत: वरून जाळणं आणि मुळासकट कापून काढणं. वरवरच्या बारीक डागांना दोन्ही चालतं. खोल गेलेल्या आजाराला जाळणं म्हणजे शेतातलं तण वरून कापणं. शिवाय कापून काढलेला तुकडा तपासणीला पाठवता येतो, जाळलेल्याचा पुरावा राहत नाही.

आजाराच्या एक ते चार अशा पायऱ्या मोजतात, त्यांचा दुखण्याशी थेट संबंध नाही. चौथ्या पायरीच्या बाईला फारसं दुखत नाही आणि पहिल्या पायरीची पोरगी लादीवर लोळत असते, असं मी कितीदा पाहिलंय. "थोडासाच आजार आहे, एवढं काय दुखतंय" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

चॉकलेट सिस्ट नुसती सुईने रिकामी केली तर?

परत भरते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका पोरीची गाठ मी अशी रिकामी केली होती, मोठं ऑपरेशन टळलं या आनंदात. वर्ष पुरं व्हायच्या आत गाठ होती तेवढीच. तेव्हापासून तो नाद सोडला.

योग्य पद्धत म्हणजे गाठीचं साल सोलून काढणं. तिचीही किंमत आहे. सालाबरोबर बीजकोषाचा थोडा चांगला भाग निघून येतो, रक्त थांबवायला चटका दिला की अजून थोडा जातो. त्यामुळे अंड्यांचा साठा घटतो. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा त्याच बीजकोषावर दुसऱ्यांदा हात घालावा लागला, तर जास्तच. मूल व्हायचं असेल तर ऑपरेशनआधी एएमएच ही अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी करून घ्या. आकडा आधीच कमी असेल, तर गाठीला हात लावण्यापूर्वी वंध्यत्वतज्ज्ञांशी बोलणं व्हायला हवं. अंडी गोठवून ठेवण्याचा पर्यायही तेव्हाच चर्चेत यावा, नंतर नव्हे.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. आधी ऑपरेशन की आधी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी)?

याला एक उत्तर नाही. आजार सौम्य असेल आणि वय हाताशी असेल तर दुर्बिणीने डाग काढल्यावर नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता वाढते. पण चॉकलेट सिस्ट आहे म्हणून ती आयव्हीएफपूर्वी काढायलाच हवी असं नाही. नुसती तेवढ्यासाठी काढून मूल होण्याचं प्रमाण वाढत नाही, उलट अंडी कमी होतात. खूप दुखत असेल, अंडी काढायची सुई गाठीमुळे पोचत नसेल किंवा गाठीबद्दल शंका असेल तर गोष्ट वेगळी.

दुर्बिणीनंतर आजाराची स्थिती, वय, नळ्या कशा आहेत यावरून ० ते १० असा एक गुणांक काढता येतो. आपोआप दिवस राहतील का, याचा अंदाज त्यावरून येतो. तो मागून घ्या. आणि एक गोष्ट मी जरा चढ्या आवाजात सांगते: नवऱ्याची वीर्यतपासणी झाल्याशिवाय बायकोला टेबलावर घेऊ नका. "त्याची काय तपासणी करायची?" असं विचारणाऱ्या सासूबाई अजूनही येतात.

आतड्यापर्यंत गेलंय म्हणतात. पोटावर शीची पिशवी बसवणार का?

बहुतेकींना लागत नाही. आजार आतड्याच्या वरच्या थरात असेल तर तो खरवडून काढतात. थोडा आत असेल तर तेवढीच चकती कापून शिवतात. लांबवर पसरलेला किंवा आतडं अरुंद करणारा असेल तर तो भाग काढून दोन टोकं जोडतात. जोड गुदद्वाराच्या फार जवळ आला, तर तो भरून येईपर्यंत काही वेळा पोटावर तात्पुरती पिशवी ठेवतात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी छोट्या ऑपरेशनने बंद करतात. शक्यता असेल तर ती तुम्हाला आधी सांगितली गेली पाहिजे. शुद्धीवर आल्यावर कळायची ही गोष्ट नव्हे.

मुलं झाली आहेत. ती गर्भपिशवीच काढून टाका ना, कटकट नको!

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त ऐकू येतो, म्हणून याचं उत्तरही सगळ्यांत लांब आहे.

आजाराची व्याख्या पुन्हा वाचा: पेशी पिशवीच्या बाहेर आहेत. पिशवी काढली आणि आतड्यावरचा, पडद्यावरचा आजार तिथेच ठेवला, तर पाळी थांबते आणि दुखणं राहतं. माझ्याकडे अशा बायका येतात ज्यांची पिशवी तिशीत काढलेली असते, आणि शी करताना, नवऱ्याजवळ जाताना अजूनही जीव जातो. त्यांना वाटतं ऑपरेशन बिघडलं. ऑपरेशन बिघडलेलं नसतं. ज्या गोष्टीचं करायला हवं होतं, तिचं ते झालेलंच नसतं.

पिशवी काढणं कधी उपयोगी पडतं? आजार पिशवीच्या भिंतीतही शिरला असेल, ज्याला ॲडेनोमायोसिस म्हणतात, अंगावरून भरमसाट जात असेल, औषधं करून झाली असतील आणि आणखी मूल नको असेल तेव्हा. तेव्हाही पिशवीबरोबर बाहेरचा आजार त्याच वेळी काढायला हवा. संमतीपत्रावर नुसतं "गर्भाशय काढणे" लिहिलं असेल तर विचारा, बाकीच्याचं काय?

मग येतात बीजकोष. तेही काढले तर दुखणं परत येण्याची शक्यता कमी होते, हे खरं. पण त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते: अंगातून गरम वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोष काढले तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या बाईला त्यात नुसतं इस्ट्रोजेन देण्यापेक्षा प्रोजेस्टेरॉन जोडून देणं बरं. या गोळ्या कोण लिहून देणार आणि किती वर्षं, हे ऑपरेशनआधी ठरलेलं असावं.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी तरुण बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याचं समोर आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. आपल्या कोकणात ऊस फारसा नाही, पण "पिशवी काढली की मोकळी" ही समजूत इथेही घट्ट आहे.

सिझेरियनच्या टाक्याजवळ गाठ आहे, पाळीत दुखते. तेच का?

बहुधा तेच. सिझेरियनच्या वेळी अस्तराच्या पेशी टाक्यात राहून पुढे वाढतात. लोक तिला हर्निया किंवा टाक्यातला पू समजतात. पाळीच्या दिवसांत गाठ सुजते का, याची नोंद ठेवा. गाठ आजूबाजूच्या थोड्या चांगल्या भागासकट काढली की सहसा सुटका होते. यातल्या त्यात हे सोपं.

कुठे करायचं? इथे, कोल्हापूरला, गोव्याला की मुंबईला?

एका बाजूची साधी चॉकलेट सिस्ट दुर्बिणीचा चांगला हात असलेले इथले डॉक्टरही काढतात, मीही काढते. आतडं, मूत्रवाहिनी, मूत्राशय यांत शिरलेला आजार मी पुढे पाठवते. त्यात मला कमीपणा वाटत नाही. पहिलं ऑपरेशन नीट झालं पाहिजे, कारण दुसऱ्या वेळी चिकटा जास्त असतो आणि धोकाही.

सावंतवाडीकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ, कणकवलीकरांना कोल्हापूर, चिपळूणवाल्यांना कुंभार्ली घाट चढून कराड. ओरोस आणि रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही चौकशी करा. शहर कुठलंही असो, सर्जनला विचारा: असा खोल आजार तुम्ही नेहमी काढता का? आतड्याचे आणि लघवीच्या मार्गाचे सर्जन त्या दिवशी हजर असतील का? न विचारता मोठं ऑपरेशन करणार नाही ना? जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याकडे टेबलावर पडू नका.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण प्रत्येक शस्त्रक्रिया आणि प्रत्येक रुग्णालय त्यात बसत नाही. तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, तारीख घेण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय ना तेही पाहा. माहेरचं-सासरचं नाव जुळत नाही म्हणून कागद अडतात. खासगी विम्यात या आजाराला अनेकदा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो.

आधी काय तयारी करायची?

हिमोग्लोबिन वाढवून घ्या, ते आठ-नऊ असताना घाई नको. रक्त पातळ करणारी गोळी, साखरेची गोळी, काढा, गावठी औषध, जे काही चालू असेल ते भूलतज्ज्ञांना सांगा. जेवण साधारण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तुमच्या रुग्णालयाने जे सांगितलं तेच पाळा. पाळीची तारीख त्याच दिवशी येत असेल तर फोन करून कळवा.

तारीख शक्यतो पावसाचा जोर आणि गणपती सोडून घ्या. जुलैत दरड कोसळून घाट बंद झाला, किंवा चतुर्थीला गाडीत पाय ठेवायला जागा नाही, तर टाके पडलेल्या बाईचे हाल होतात.

पोटाचं ऑपरेशन, मग खांदा का दुखतो?

पोटात राहिलेला थोडा वायू श्वासपटलाला टोचतो. त्याची आणि खांद्याची नस एकच, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. उठून चालल्याने लवकर बरं वाटतं.

घरी कधी? कामाला कधी? खायचं काय?

साध्या दुर्बिणीनंतर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. घाटातून गाडीने येणार असाल तर पट्टा आणि पोट यांच्यामध्ये छोटी उशी धरा, तासा-दीड तासाने उतरून चार पावलं टाका. एसटीच्या मागच्या सीटवर बसू नका, आपल्या रस्त्यांवर ती शिक्षाच आहे. रेल्वेने येत असाल तर खालचा बर्थ. आतड्याचं काम झालं असेल तर आठवडाभर रुग्णालयाच्या जवळपासच कुठेतरी राहा.

घरातलं हलकं काम दोन आठवड्यांत जमतं. पाण्याची कळशी, मासळीची पाटी, आंब्याची पेटी यांना चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. पिशवी काढली असेल किंवा आतड्याचं काम झालं असेल तर आठ आठवडे. लावणीला वाकणंही तोवर नको. "मी नाय गेले तर लावणी कोण करतला?" याचं उत्तर डॉक्टरकडे नसतं, म्हणून तारीख घेतानाच त्याची सोय करा. शरीरसंबंध साध्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवड्यांनी, पिशवी काढली असेल तर डॉक्टरांनी तपासल्यावरच.

उकड्या तांदळाची पेज उत्तम. मासे खायला काही हरकत नाही, टाके त्याने पिकत नाहीत. बद्धकोष्ठ मात्र होऊ देऊ नका. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी रुग्णालयाचा आहारच पाळायचा.

काय झालं तर लगेच जायचं?

रोज थोडं थोडं कमी होणारं दुखणं ठीक. कमी होऊन पुन्हा वाढणारं दुखणं ठीक नाही. ताप, पोट फुगणं, उलट्या, वारा न सरणं, कुशीत कळ, अंगावरून किंवा छेदातून लघवीसारखं पाणी येणं, पोटरी सुजणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर रात्र काढू नका. आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला चटका बसला असेल तर तो त्याच दिवशी कळेलच असं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी, कधी त्याहून उशिरा, घरी आल्यावर उघडा पडतो. जवळच्या दवाखान्यात आधी जा, पण जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन करायला लावा.

परत येतं का?

येऊ शकतं. दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकीला, पाच वर्षांत ४० ते ५० टक्के जणींना पुन्हा त्रास होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतर हार्मोनचं औषध चालू ठेवल्याने हे प्रमाण बरंच कमी होतं. "एवढं ऑपरेशन केलं, आता गोळ्या कशाला?" म्हणून बंद करणाऱ्याच जास्त. मूल हवं असेल तर उलट, पहिलं वर्ष वाया घालवू नका.

याचा कॅन्सर होतो का?

हा कॅन्सर नाही. बीजकोषाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, तरी आयुष्यभरात शंभरात दोघींहून कमीच. नुसत्या त्या भीतीने बीजकोष काढू नयेत.

मुलगी सतरा वर्षांची आहे. दुर्बीण केली तर लग्नात अडचण येईल का?

आधी औषध. मुलींच्या बाबतीत मी दुर्बिणीला शक्य तितकं मागे ठेवते, पण शाळा-कॉलेज दर महिन्याला बुडत असेल आणि औषधाने उतार नसेल तर अडवतही नाही. तपासणी पोटावरून किंवा एमआरआयने होते, आतून करायची गरज नाही. ऑपरेशनही योनीमार्गातून काही न घालता करता येतं, तसं आधी सांगून ठेवा. पोटावर अर्ध्या सेंटिमीटरचे दोन-तीन व्रण राहतात. "लग्न झालं, पोर झालं की थांबेल" हे औषध नाही, आणि असल्या आशेवर कोणी मुलीचं लग्न लावू नये.

ऑपरेशननंतर कुठले कागद मागायचे?

ऑपरेशनची सविस्तर नोंद, म्हणजे आजार कुठे होता, काय काढलं, काय ठेवलं. आतले फोटो किंवा व्हिडिओ. तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट, तो साधारण आठवड्याने येतो आणि तो न्यायलाच लोक विसरतात. सगळ्याचे फोनमध्ये फोटो काढून ठेवा, कारण आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना बुरशी धरते. सोनोग्राफीचे ते गुळगुळीत फोटो मात्र लॅमिनेट करायला देऊ नका. गरम लागलं की सगळा कागद काळा पडतो. गेल्याच महिन्यात एक काकू मोठ्या कौतुकाने अशा पाच काळ्या पाट्या घेऊन आल्या होत्या.